हायब्रिड फ्राय पॅन: आधी शेगडी मोजा, मग दुकानात जा

हायब्रिड पॅनबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. अंडं चिकटतं, घावन तुटतं, मधोमध करपतं आणि कडेला कच्चं राहतं, वर्षाच्या आत नक्षी काळी पडते. यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ स्वयंपाकात नसून खरेदीत असतं. पॅन आचेपेक्षा मोठा घेतलेला असतो, हायब्रिड म्हणून वेगळंच काही गळ्यात पडलेलं असतं, किंवा जे पदार्थ त्यात करायचेच नव्हते त्यांच्यासाठी तो आणलेला असतो.

या लेखात हायब्रिड पॅन म्हणजे स्टेनलेस स्टीलचा असा पॅन, ज्याच्या आतल्या बाजूला मधमाशीच्या पोळ्यासारखी किंवा चौकोनी जाळी उठवलेली असते. जाळीचे उंचवटे उघड्या स्टीलचे असतात आणि मधल्या खळग्यांत न चिकटणारा लेप बसवलेला असतो. पदार्थ उंचवट्यांवर भाजला जावा आणि खळग्यांमुळे सुटून यावा, अशी कल्पना आहे. मात्र ही तडजोड आहे, हे घेण्याआधीच मान्य केलेलं बरं. पदार्थ सोडण्यात हा पॅन साध्या नॉनस्टिकच्या मागे राहतो आणि खरपूस भाजण्यात नुसत्या स्टीलच्या किंवा बिडाच्या मागे. या दोन टोकांच्या मधले पदार्थ तुमच्या घरी रोज होत असतील, तरच तो कामाचा.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेक जण सवलत बघून सुरुवात करतात आणि शेगडीशी येऊन अडकतात.

## पायरी १: आठवडाभराचे पदार्थ लिहून काढा

सात दिवस, सध्याच्या तव्यावर आणि कढईत काय काय होतं ते कागदावर लिहा. मग प्रत्येक पदार्थासमोर खूण करा.

हायब्रिडला मानवणारे पदार्थ म्हणजे ज्यांना थोडं तेल लागतं, मध्यम आच लागते आणि थोडा खरपूसपणा हवा असतो. भेंडीची परतून केलेली भाजी, बटाट्याच्या काचऱ्या, पोहे, परतलेलं पनीर, रवा लावलेली सुरमई किंवा बांगडा, कोबी, कटलेट, ऑम्लेट. थालीपीठही चांगलं होतं, मात्र भोकांत आणि कडेने तेल सोडायला कचरलात तर नाही.

न मानवणारे पदार्थ दोन प्रकारचे. एक, कोरड्या आणि कडक तव्यावरचे: भाकरी, पोळी, फुलका. भाकरीचा तवा सहज इतका तापतो की लेपाचं आयुष्य तिथेच संपतं. त्यासाठी लोखंडी तव्याला पर्याय नाही. दोन, पातळ पिठाचे आणि जवळजवळ तेलाशिवायचे: घावन, आंबोळी, जाळीदार डोसा. पातळ पीठ जाळीच्या रेषांत उतरून स्टीलला धरतं आणि घडी घालताना तुटतं. घावनांसाठी मुरलेलं बीड किंवा साधा सपाट नॉनस्टिक तवाच ठेवा.

तपासणी: यादीतले निम्म्याहून जास्त पदार्थ दुसऱ्या गटातले निघाले, तर हायब्रिड घेऊ नका. त्या पैशांत एक लोखंडी तवा आणि एक छोटा नॉनस्टिक पॅन जास्त कामाला येईल.

## पायरी २: शेगडी मोजा

पॅनच्या खोक्यावर २४, २६, २८ सेंमी असं जे लिहिलेलं असतं ते वरच्या काठाचं माप असतं. तळाचा सपाट भाग त्याहून साधारण ६ ते ७ सेंमी कमी भरतो, आणि पदार्थ शिजतो तो तळावर. त्यामुळे मोजायचं आहे ते तळाचं माप, तेही तुमच्या आचेच्या तुलनेत.

आच किती रुंद पडते ते असं पाहा. घरातलं रुंद तळाचं पातेलं घ्या, त्यात १ सेंमी पाणी घाला, मोठ्या बर्नरवर मध्यम आचेवर ठेवा आणि वरून बघत राहा. दोन-तीन मिनिटांत तळाला बारीक बुडबुड्यांचं कडं दिसू लागेल. त्या कड्याची बाहेरची रुंदी पट्टीने मोजा. हीच तुमच्या आचेची खरी रुंदी. तिच्यात ४ सेंमी मिळवा. त्याहून मोठा सपाट तळ घेऊ नका.

घरगुती शेगडीच्या मोठ्या बर्नरवर हे कडं अनेकदा १४ ते १६ सेंमीचं भरतं. म्हणजे १८ ते २० सेंमीचा तळ, म्हणजेच २४ किंवा २६ सेंमीचा पॅन. २८ चा पॅन अशा बर्नरवर ठेवला की कडेची दोन-तीन सेंमी पट्टी थंडच राहते. मग आच वाढवली जाते, मधला भाग करपतो आणि बोल पॅनला लागतो. इंडक्शनवरही हीच चाचणी करा. काचेवर छापलेलं वर्तुळ मोठं असतं, आतली कॉइल बरेचदा लहान असते, आणि बुडबुडे कॉइलची खरी रुंदी दाखवतात.

आता वर्तमानपत्राचा, घ्यायच्या मापाचा गोल कापा, त्याला २० सेंमीची दांड्याची पट्टी चिकटवा आणि शेगडीवर ठेवून बघा. शेजारच्या बर्नरवर कुकर बसतो का? दांडा दुसऱ्या आचेवर जातो का? भिंतीला किंवा नळाला अडतो का? हा कागद मोरीत किंवा सिंकमध्येही ठेवून बघा. सिंकमध्ये आडवा न मावणारा पॅन तिरका धरून घासला जातो आणि काठावर आपटत राहतो.

माणसांचा हिशेब त्यानंतर. दोघांसाठी २४, तिघा-चौघांसाठी २६. २० सेंमी तळाच्या पॅनमध्ये एका वेळी साधारण ३०० ग्रॅम चिरलेली भेंडी नीट परतली जाते. अर्धा किलो घातली तर ती वाफेत शिजते आणि तार सुटते. सहा माणसांची भाजी या पॅनमध्ये एका घाण्यात होणार नाही, त्यासाठी कढई वापरा.

इशारा: "पुढे पाहुणे येतात, मोठाच घेऊ" हा विचार इथे महागात पडतो. वर्षातल्या दहा दिवसांसाठी घेतलेला पॅन उरलेले सगळे दिवस अर्धा थंड चालतो.

## पायरी ३: नक्षी खरी आहे का ते ओळखा

फसगत सगळ्यात जास्त इथेच होते, म्हणून या पायरीला वेळ द्या. बाजारात एकाच नावाखाली आणि जवळजवळ सारख्याच दिसणाऱ्या तीन गोष्टी विकल्या जातात.

पहिली, खरी हायब्रिड. उंचवटे उघड्या स्टीलचे, लेप फक्त खळग्यांत. कालथा फिरतो तो स्टीलवर, लेप खाली सुरक्षित राहतो.

दुसरी, ठशाची. पत्र्यावर आधी जाळीचा ठसा मारलेला असतो आणि मग सगळ्यावर सरसकट लेप फवारलेला असतो. इथे उंचवट्यांवरही लेपच असतो. उलट सपाट नॉनस्टिकपेक्षा ही लवकर खराब होते, कारण कालथ्याचा सगळा घाव नेमका टोकांवर बसतो. काही महिन्यांत टोकं पांढुरकी दिसायला लागतात आणि मालकाला वाटतं की "आता खरं स्टील दिसायला लागलं".

तिसरी, नुसती छापलेली नक्षी. लेपावर रंगाने षटकोन काढलेले असतात, उंच-सखल काही नसतं. हा साधा नॉनस्टिक पॅन आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला हायब्रिडची किंमत देऊ नका.

दुकानात ओळखायची रीत:

१. मोबाइलचा टॉर्च लावून पॅन तिरका धरा. खऱ्या हायब्रिडमध्ये जाळीच्या रेषा चकचकीत चंदेरी दिसतात आणि खळगे काळे किंवा राखाडी, चमक नसलेले. दोन्ही एकाच रंगाचे आणि एकाच चमकेचे दिसले, तर ठशाची समजा.

२. बोटाचं नख हलकेच आडवं फिरवा. प्रत्येक रेषेला नख अडखळलं पाहिजे. गुळगुळीत घसरलं तर नक्षी छापलेली आहे.

३. मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढा आणि मोठा करून बघा. उंचवट्याच्या माथ्यावर लेपाचे ठिपके किंवा ओघळ राहिले असतील, तर कारागिरी निष्काळजी आहे. दुसरा नग मागा.

४. घरी आल्यावर, मल्टिमीटर असल्यास पक्की खात्री करता येते. तारा जोडल्या की बीप वाजण्याच्या सेटिंगवर ठेवा आणि दोन्ही टोकं दोन वेगवेगळ्या उंचवट्यांवर हलकेच टेकवा. स्टील उघडं असेल तर बीप वाजेल. टोकांवर लेप असेल तर वाजणार नाही, कारण लेप वीज वाहू देत नाही. टोकं खळग्यात रोवू नका.

ऑनलाइन घेत असाल, तर कंपनीच्या फोटोंवर वेळ घालवू नका. ग्राहकांनी टाकलेले, सहा-आठ महिने वापरलेल्या पॅनचे फोटो शोधा आणि उंचवटे बघा. चंदेरी असतील तर ठीक. टोकांवर पांढरे चट्टे आणि भोवती काळं असेल तर तो दुसरा प्रकार आहे.

तळाच्या बाहेरच्या बाजूला काढलेल्या षटकोनांचा पदार्थावर काही परिणाम होत नाही. ती फक्त शोभा.

## पायरी ४: लेप कोणता आहे ते वाचा

खळग्यांत दोनपैकी एक लेप असतो: पीटीएफई (ज्याला आपण टेफ्लॉन म्हणतो) किंवा सिरॅमिक. सिरॅमिक म्हणजे भाजलेली माती नव्हे. तो वाळूतल्या सिलिकापासून बनवलेला पातळ थर असतो.

पीटीएफई जास्त काळ निसरडा राहतो, पण २६० अंश सेल्सिअस ही त्याची मर्यादा धरून चालावं लागतं. त्यापुढे तो हळूहळू बिघडतो आणि फार तापला तर त्याचा धूर घातक होतो. सिरॅमिक लेप जास्त आच सोसतो, पण त्याचा निसरडेपणा लवकर उतरतो, विशेषतः त्यावर तेल जळून बसलं की. रोज अंडं होणाऱ्या आणि आच सांभाळणाऱ्या घराने पीटीएफई घ्यावा. गॅसवर पॅन ठेवून फोनवर बोलायला जाण्याची सवय असेल तर सिरॅमिक बरा.

इशारा: "पीएफओए-मुक्त" याचा अर्थ "टेफ्लॉन नाही" असा होत नाही. पीएफओए हे पीटीएफई बनवताना पूर्वी वापरलं जाणारं एक सहायक रसायन. २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत त्याचा समावेश झाला. त्यामुळे आज कुठलाही पीटीएफई पॅन पीएफओए-मुक्त असू शकतो. "पीएफएएस-मुक्त" हा दावा वेगळा आहे. पीएफएएस हे फ्लोरिन असलेल्या रसायनांचं मोठं कुळ. पीटीएफई स्वतःच या कुळातला असल्याने, हा दावा खरा असेल तर लेपात पीटीएफई असता कामा नये. खोक्यावर लेपाचं नाव सापडलं नाही, तर ग्राहकसेवेला लेखी विचारा: "लेप पीटीएफईचा आहे की सिरॅमिकचा?" उत्तर एका शब्दाचं आहे. ते मिळत नसेल तर पॅन सोडून द्या.

इशारा: स्वयंपाकघरात किंवा लगतच्या गॅलरीत पोपट, लव्हबर्ड असे पक्षी असतील, तर पीटीएफईचा लेप नकोच. फार तापलेल्या लेपाच्या वाफेने पक्षी मरतात. माणसाला काही जाणवायच्या आत हे घडू शकतं.

## पायरी ५: पत्रा, वजन आणि तळ

नक्षीकडे बघताना खालचं भांडं बघायचं राहून जातं, आणि कच्चं राहणं किंवा करपणं हे बहुतेक त्याच्यामुळेच घडतं.

चांगल्या हायब्रिडचं अंग ट्रायप्लाय असतं: आत ३०४ दर्जाचं स्टील, मध्ये अ‍ॅल्युमिनिअम, बाहेर लोहचुंबक धरणारं ४३० दर्जाचं स्टील. अ‍ॅल्युमिनिअम स्टीलच्या चौदा-पंधरा पट चांगली उष्णता वाहून नेतं. आच कडेपर्यंत पसरवायचं काम त्या मधल्या थराचं. हा थर काठापर्यंत गेलेला हवा. स्वस्त पॅनमध्ये तो फक्त तळाला चकतीसारखा जोडलेला असतो, आणि चकती संपते तिथे गोलाकार करपल्याची रेघ उमटते.

काठ बघा. उघडा काठ असेल तर मध्ये फिकट राखाडी रेषा दिसते. काठ बंद केलेला असेल तर पॅन पालथा करून तळाच्या कडेवर बोट फिरवा: पायरीसारखा उंचवटा लागला तर खाली चकती जोडलेली आहे. फ्रिजवरचं चुंबक तळाला आणि बाहेरून भिंतीलाही लावून बघा. इंडक्शनसाठी तळाला घट्ट चिकटलं पाहिजे. भिंतीलाही चिकटलं तर बाहेरचा थर वरपर्यंत आहे.

जाडी २.५ मिमीच्या आसपास हवी. ती दुकानात मोजता येत नाही, वजन मात्र करता येतं. झाकण काढून २४ सेंमीचा पॅन साधारण ९५० ग्रॅम ते १.१ किलो, २६ चा १.१ ते १.३ किलो भरावा. २४ चा पॅन ७०० ग्रॅमच भरत असेल तर पत्रा पातळ आहे. वजनाचा दुसराही एक अर्थ आहे: भाजीसकट २६ चा पॅन दोन किलोच्या जवळ जातो. मनगट दुखत असेल तर २४ च घ्या, किंवा समोर दुसरा कान असलेला घ्या.

तळ सपाट आहे का, हे बघायला एक पट्टी आणि दोन एटीएम कार्डं पुरतात. पॅन पालथा करा, तळावर पट्टी उभी, आडवी धरा. मध्ये एक कार्ड सरकलं तर ठीक. तळ किंचित आत दबलेला ठेवतात, म्हणजे तापून फुगल्यावर तो सपाट होतो. दोन कार्डं एकत्र सरकली तर दबाव जास्त आहे: तेल कायम कडेला पळेल आणि मधोमध अंडं चिकटेल. उलट, पट्टी मध्ये टेकून दोन्ही टोकं अधांतरी राहिली, तर तळ बाहेर आलेला आहे. असा पॅन इंडक्शनच्या काचेवर भिंगरीसारखा फिरतो. घेऊ नका.

## पायरी ६: दांडा, झाकण, कागदपत्रं

दांडा रिव्हेटने बसवलेला असावा आणि पॅनजवळ दोन फाट्यांचा असावा. तसा तो कमी तापतो. रिकामा पॅन सपाट जागी ठेवून दांडा सोडा. पॅन दांड्याकडे कलला तर शेगडीच्या जाळीवर तो नक्की कलणार. झाकण काचेचं असो वा स्टीलचं, काठावर डगमगता कामा नये.

खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि उत्पादनाचा देश छापलेला हवा. आयएसआय खूण आहे का बघा. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचं भारतीय मानक आयएस १४७५६ आहे. हमी मात्र दोन वेळा वाचा. "आजीवन हमी" बहुधा भांड्याच्या अंगाला असते. लेपाची हमी वेगळी, कमी वर्षांची असते किंवा नसतेच. किंमत भागिले लेपाच्या हमीची वर्षं, असा भागाकार करून दोन पॅनची तुलना केली की जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यांचा फुगा फुटतो.

## पायरी ७: घरी आल्यावर, धुण्याआधी

एकदा स्वयंपाक केलेला पॅन बरेच विक्रेते परत घेत नाहीत. म्हणून कोरड्या तपासण्या आधी उरकून घ्या: वजन, कार्डांची चाचणी, चुंबक, मल्टिमीटर, लेपावर ओरखडा किंवा पोचा. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ ठेवा. यात काही खटकलं तर पॅन तसाच, न धुता परत करा.

सगळं ठीक असेल तर पुढे जा:

१. कोमट पाण्यात भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन थेंब घालून मऊ स्पंजने आतून-बाहेरून धुवा. कारखान्यातलं तेल आणि पॉलिशची भुकटी खळग्यांत बसलेली असते.

२. कोरड्या फडक्याने पुसा. मग मंद आचेवर एक मिनिट, हात तळापासून एक वीत वर धरल्यावर ऊब जाणवेल इतकंच तापवा.

३. गॅस बंद करा. अर्धा चमचा रिफाइंड तेल कागदाने सगळीकडे चोळा, दोन मिनिटं थांबा आणि दुसऱ्या कोरड्या कागदाने सगळं पुसून घ्या. लोखंडी तव्यासारखं तेल जाळून मुरवायचं नाही. इथे जळलेलं तेल म्हणजे चिकटपणाची सुरुवात.

४. आच कशी पसरते ते बघा. पॅनमध्ये दोन मोठे चमचे कणीक पातळ, एकसारखी पसरा. मध्यमपेक्षा थोड्या कमी आचेवर ठेवा आणि समोरून हलू नका. तीन-चार मिनिटांत कणीक जिथे आधी लालसर होईल तिथे आच जास्त. पसरट गोल उमटला तर चांगलं. फक्त बर्नरच्या भोकांचं कडं उमटलं, तर पत्रा पातळ आहे किंवा पॅन तुमच्या आचेसाठी मोठा आहे. रंग दिसताच गॅस बंद.

## पायरी ८: तापवण्याची रीत

नवीन पॅनची पहिली फजिती बहुधा पाण्याच्या थेंबाने होते. स्टीलचा पॅन पुरेसा तापला की पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा गोल होऊन पळतो, हे अनेकांनी वाचलेलं असतं. हायब्रिडमध्ये ही खूण चालत नाही. खळग्यांतला लेप पाणी झटकतो, त्यामुळे थंड पॅनवरही थेंब गोलच दिसतो. आणि थेंब खरोखर पळू लागेपर्यंत वाट पाहिली तर तापमान जवळपास १९० अंशांच्या पुढे गेलेलं असतं. अंड्याला आणि पनीरला इतकी आच नकोच आहे.

त्याऐवजी जिऱ्याचा दाणा वापरा:

१. मध्यम आच. इंडक्शनवर ८०० ते १००० वॉट, त्याहून जास्त नाही.

२. सुरुवातीलाच एक ते दोन चमचे तेल घाला आणि पॅन फिरवून तळभर पसरवा. लेपाच्या पॅनमध्ये तेल आधी, आच नंतर. तेलावरून तापमानाचा अंदाज येतो. कोरड्या पॅनवरून येत नाही.

३. दीड मिनिटाने एक जिरं टाका. ते निपचित पडलं तर थांबा. भोवती लगेच बारीक बुडबुडे आले तर पॅन तयार आहे. ते क्षणात काळं पडलं तर आच बंद करून मिनिटभर थांबा.

इशारा: २००० वॉटवर ठेवलेला रिकामा २६ सेंमीचा पॅन दीड-दोन मिनिटांत २६० अंशांपर्यंत पोहोचू शकतो. फ्रिजमधून अंडी आणायला तेवढा वेळ सहज जातो. इंडक्शनवर लेप जास्त जातो तो असा.

पहिला पदार्थ अंड्याचाच करा, कारण दोष लगेच कळतो. फ्रिजमधलं अंडं पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा, एक चमचा तेलावर फोडा आणि दोन मिनिटं हात लावू नका. पांढरा भाग घट्ट झाला की पातळ कालथा कडेने सरकवा. उंचवट्यांवर नाजूक जाळी उमटेल, ती खरपूस असावी. कडा सुटल्या पण मध्य धरून बसला, तर मधे तेल पोहोचलेलं नाही. सगळंच धरून बसलं, तर आच कमी होती किंवा घाई झाली.

मासळीचं बहुतेक सगळं आधीच्या तयारीत असतं. सुरमईचे तुकडे फडक्याने कोरडे टिपा, मीठ-हळद-तिखट-आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी पुन्हा टिपा, मगच रव्यात घोळवा. दीड मोठा चमचा तेल, मध्यम आच, एका बाजूला तीन ते चार मिनिटं. तुकडा स्वतःहून सुटेपर्यंत उलटायचा नाही. ओला तुकडा खळग्यांत पाणी सोडतो, त्याची वाफ होते आणि रवा पॅनला राहतो.

कडक फोडणी या पॅनमध्ये करू नका, फोडणीचं पळं वापरा. तेलाचा फवारा मारू नका. त्यातल्या लेसिथिन या घटकाचा चिकट थर बसतो आणि तो साध्या साबणाने जात नाही. घाण्याच्या तेलातून धूर लवकर निघतो, त्यामुळे जास्त वेळ परतायचं असेल तर रिफाइंड शेंगदाणा तेल किंवा तूप बरं.

## पायरी ९: घासणं

"लोखंडी कालथा चालेल" असं खोक्यावर लिहिलेलं असतं. ते अर्धं खरं आहे. सपाट, रुंद कालथा उंचवट्यांवरून सरकतो. पण काटाचमचा, सुरीचं टोक, कालथ्याचा उभा कोपरा थेट खळग्यात उतरतो. पॅनमध्येच ऑम्लेट सुरीने कापलं की लेप कापला गेला म्हणून समजा.

तापलेला पॅन नळाखाली धरू नका. तळ वाकतो आणि लेपाची पकड ढिली होते. दहा मिनिटं निवू द्या, मग कोमट पाणी, साबण, मऊ स्पंज किंवा नायलॉनची घासणी. तारेची घासणी नको. भांडी दुसरं कुणी घासत असेल तर "हा तारेने घासू नका" एवढं सांगून भागत नाही, कारण ढिगात पडलेल्या पॅनला तारच लागते. तो ढिगात टाकूच नका. स्वतः धुवा, दोन मिनिटांचं काम आहे.

महिन्या-दोन महिन्यांनी रेषा तपकिरी आणि चिकट दिसू लागतात. लेप गेला असं बहुतेकांना वाटतं, पण तो जळून बसलेल्या तेलाचा थर असतो. पॅनमध्ये दोन पेले पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून पाच मिनिटं उकळा, निवल्यावर स्पंजने पुसा. गरज पडली तर पुन्हा करा. पांढरे डाग क्षारांचे असतात. अर्ध्या लिंबाच्या रसाने ते निघतात. तळाला टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसले, तर गार पाण्यात आधी मीठ घालायची सवय तपासा. मीठ पाणी उकळल्यावर घाला. कोकम-टोमॅटोची भाजी शिजवायला हरकत नाही, पण रात्रभर त्यातच ठेवू नका.

एकावर एक भांडी रचताना मध्ये फडकं घाला.

पॅन बदलायचा केव्हा: सोड्याने उकळूनही अंडं सुटत नसेल, तर निसरडेपणा संपला आहे. पॅन फेकायची गरज नाही, काचऱ्या आणि परतलेल्या भाज्यांना जास्त तेल घालून तो चालतो. पण खळग्यांतून लेपाचे पापुद्रे सुटू लागले आणि भाजीत काळे कण दिसले, तर त्यात शिजवणं थांबवा. चुकून पोटात गेलेले एक-दोन कण पचत नाहीत, तसेच बाहेर पडतात, म्हणून घाबरायचं कारण नाही. उरलेला लेप तारेने खरवडून "स्टीलचा पॅन" करू नका. खळग्यांतून तो पूर्ण निघत नाही. हमी उरलेली असेल तर पावती आणि पापुद्र्यांचा जवळून काढलेला फोटो लावून दावा करा, नसेल तर भंगारात द्या.